मोन्जूचा थर्मोवेल

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. बरोबरच्यांना अणुभट्टीच्या गाभ्याचं, कोअरचं डिझाइन मिळालं आणि तुला मात्र थर्मोवेलसारखी छोटी नळी तपासायला बसवलं, म्हणून रडगाणं. मला हसू आलं, राग मानू नकोस. आधी जपानच्या मोन्जूचं सगळं नीट वाचून काढ.

मोन्जू म्हणजे आपला मंजुश्री, प्रज्ञेचा बोधिसत्त्व. त्सुरुगाच्या २८० मेगावॉटच्या फास्ट ब्रीडर प्रोटोटाइपला, म्हणजे जाळते त्याहून जास्त इंधन तयार करू शकणाऱ्या अणुभट्टीच्या नमुन्याला, त्याचं नाव दिलं होतं. १९९४ च्या एप्रिलमध्ये ती भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली अणुसाखळी स्वतःहून चालू राहू लागली, १९९५ च्या ऑगस्टमध्ये ग्रिडला जोडली गेली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ४० टक्के पॉवरवर चाचण्या चालू असताना सेकंडरी लूपच्या, म्हणजे गाभ्यापासून वेगळ्या दुसऱ्या फेऱ्याच्या पाइपातून सोडियम गळू लागलं. या भट्टीत उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी वितळलेलं सोडियम असतं. ६४० किलोच्या आसपास गेलं. हवा लागताच पेटलं, खालच्या लोखंडी जाळीला भोक पाडलं आणि जमिनीवर राखेसारखा ढीग साचला. ते किरणोत्सारी नव्हतं, कुणाला इजाही झाली नाही.

मोडलं काय होतं? थर्मोवेल! तपमान मोजायला पाइपात घुसवलेली बोटाएवढी नळी. जाड भागातून ती एकदम बारीक केली होती, मध्ये नीट उतार नाही. वाहत्या सोडियमाचे भोवरे तिच्यामागे सुटत. आडवं थरथरणं हिशोबात धरलेलं, पण प्रवाहाच्याच दिशेने होणारं पुढेमागे थरथरणं सुटलं. थकून थकून ती नेमकी त्या पायरीपाशी तुटली.

खरा घात मात्र नंतर झाला. चालवणाऱ्या महामंडळाने गळतीची चित्रफीत कापून दाखवली. ते उघड झाल्यावर लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. भट्टी पुन्हा सुरू व्हायला २०१० चा मे उजाडला, आणि ऑगस्टमध्ये इंधन हलवायचं ३.३ टनांचं यंत्र आत पडलं. पुढे हजारो भागांची तपासणी झालीच नसल्याचं निघालं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सरकारने कायमचं कुलूप लावलं. एक लाख कोटी येनहून जास्त खर्च, आणि चालली किती? जेमतेम २५० दिवस.

शेजारच्या फुगेन अणुभट्टीशी ताडून बघ. तोही प्रोटोटाइपच, नावही बोधिसत्त्वाचंच. १९७८ ते २००३ चालला आणि वेळेवर निवृत्त झाला.

मोन्जूची निवृत्ती अजून चालूच आहे. सोडियम अपारदर्शक, आतलं काही दिसत नाही. तरी ५३० इंधन संच एकेक करून बाहेर काढले, ते काम २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये संपलं. पाडकाम २०४७ पर्यंत चालायचंय. ते करणाऱ्यांत तुझ्या वयाची मुलं असणार, भट्टी बंद पडली तेव्हा शाळेत असलेली.

तेव्हा आता तुझं ड्रॉइंग उघड. जाड भाग संपून बारीक सुरू होतो तिथे कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या किती दिलीय? वाहत्या दिशेचं कंपन कुणी मोजलंय का? दाखवलेलं नसेल तर तोंडी विचारू नकोस, लेखी विचार, आणि उत्तर आलं की मला कळव.

तुझा,
काका