गाठ काढायची की राहू द्यायची?

प्रिय डॉक्टर,

तुझे पत्र दोनदा वाचले. बेचाळीस वर्षांच्या बाई, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत उजवीकडे अडीच सेंटिमीटरची गाठ, नातेवाइकांचा "एकदाची काढून टाका" हा धोशा, आणि तुझ्या मनातली शंका, हे सगळे नीट कळले. शंका योग्य आहे. मात्र सोनोग्राफीचा रिपोर्ट तू शब्दशः उतरवलास आणि टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनचा, आकडा कुठेच लिहिला नाहीस.

सुरुवात तिथूनच करायची असते. टीएसएच दबलेला असेल तर गाठ स्वतःच हार्मोन तयार करत असण्याची शक्यता असते, म्हणून आधी आयसोटोप स्कॅन, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य देऊन ग्रंथीचे चित्र, करावा. अशी 'गरम' गाठ क्वचितच कर्करोगाची निघते आणि तपासणीसाठी तिच्यात सुई घालण्याची गरज सहसा पडत नाही. टीएसएच नेहमीइतका किंवा वाढलेला असेल तर सोनोग्राफीत केवळ आकार पाहू नकोस. घन आणि काळपट दिसणारी, वेड्यावाकड्या कडांची, आडवी पसरण्यापेक्षा उभी वाढलेली, आत चुन्याचे बारीक ठिपके असलेली एक सेंटिमीटरची गाठ ही स्पंजासारख्या दिसणाऱ्या तीन सेंटिमीटरच्या गाठीपेक्षा कितीतरी अधिक संशयास्पद असते.

एफएनएसीचा, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून केलेल्या तपासणीचा, अहवाल बेथेस्डा पद्धतीने सहा वर्गांत येतो. दुसरा वर्ग म्हणजे सौम्य. तिथे, इतर काही त्रास नसेल तर, थांबून पाहावे. पाचव्या-सहाव्या वर्गात बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते, तरी एक सेंटिमीटरपेक्षा लहान, ग्रंथीबाहेर न गेलेल्या पॅपिलरी (थायरॉइडच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारच्या) कर्करोगावर निवडक रुग्णांमध्ये नुसती नजर ठेवण्याचा मार्ग जपानमधील कोबे येथे १९९३ पासून चोखाळला गेला आहे. खरी पंचाईत चौथ्या वर्गाची, म्हणजे फॉलिक्युलर गाठीच्या संशयाची. फॉलिक्युलर गाठ सौम्य की घातक हे पेशींच्या रूपावरून ठरत नाही, तिने आपले वेष्टन किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का यावरून ठरते, आणि सुईतून येणाऱ्या सुट्ट्या पेशींमध्ये वेष्टनच नसते. म्हणून तिथे अनेकदा निदानासाठीच ग्रंथीची एक बाजू काढावी लागते, आणि 'कर्करोग आहे म्हणून नव्हे, तर नाही ना हे पाहण्यासाठी' हे रुग्णाला आधी सांगावे लागते.

मोठ्या गलगंडाचा हिशेब वेगळा. तिथे कर्करोग नसला तरी दाब पुरेसे कारण असते. उताणे झोपल्यावर श्वास अडतो का, भाकरीचा घास अडकतो का, हे विचार. दोन्ही हात कानांना लावून वर धरायला सांग आणि मिनिटभर चेहऱ्याकडे पाहा. चेहरा लालबुंद होऊन मानेच्या शिरा फुगल्या तर गलगंड छातीत उतरलेला असू शकतो, आणि मग सीटी स्कॅनशिवाय पुढे जाऊ नये.

आता माझी एक चूक सांगतो. उमेदीच्या काळात मी एका शिक्षिकेची दोन सेंटिमीटरची सौम्य गाठ केवळ तिच्या धास्तीपोटी काढली. स्वरयंत्राची नस दुखावली असावी. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा बोलताना अर्धा आवाज वाऱ्यातच जात होता, आणि "मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही हो," असे ती हसत म्हणाली. गाठ तिला कधीच त्रास देणार नव्हती. तेव्हापासून शस्त्रक्रियेआधी मी प्रत्येकाच्या स्वरतंतूंची तपासणी करून घेतो, आणि नसेला इजा, कॅल्शियम कमी होणे व आयुष्यभराची थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या हार्मोनची) गोळी यांविषयी नातेवाइकांच्या नव्हे, तर रुग्णाच्या डोळ्यांत पाहून बोलतो. स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरील कामासाठी १९०९ मध्ये नोबेल मिळाले, पण संपूर्ण ग्रंथी काढलेले आपलेच रुग्ण पुढे सुस्त आणि सुजलेले झाले, हे त्यांनी १८८३ मध्ये स्वतः मांडले होते. मला ते अधिक मोठे वाटते.

नातेवाइकांच्या धोशाला आकड्यांनी उत्तर देता येते. दक्षिण कोरियात तपासण्यांची लाट आली तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाच्या नोंदी सुमारे पंधरापट झाल्या. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास होते तिथेच राहिले.

तुझ्या बाईंना पुढच्या ओपीडीला बोलाव, टीएसएच कर, पाण्याचा घोट घ्यायला लावून गाठ वर सरकते का ते स्वतः पाहा, मानेतल्या लसिकाग्रंथी चाचप आणि घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का ते विचार. एफएनएसीचा अहवाल आला की कळव. तोवर त्यांचे नाव शस्त्रक्रियेच्या यादीत घालू नकोस.

तुझा,
जुना सर