आत्मपरीक्षण म्हणू की आत्मावलोकन?

प्रश्न : सर, नमस्कार. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत शिकवते. आमची ट्रेनिंगं बहुतेक कन्नडमधनंच असतात. परवा शेवटी सांगितलं, ‘आत्मावलोकन माडिकोळ्ळि’, म्हणजे आत्मावलोकन करा, आणि मराठीत पानभर लिहून द्या. मी आत्मावलोकन असंच लिहिलं तर एक बाई म्हणाल्या हा कन्नड शब्द, मराठीत आत्मपरीक्षण म्हणतात. दुसऱ्या म्हणाल्या आत्मचिंतन. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘त्याला एवढं काय, आपल्या मनाला इचारायचं की गं.’ आता नेमकं काय लिहू, आणि त्या पानात लिहायचं तरी काय असतं?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : बाई, आत्मावलोकन काही कन्नडची मक्तेदारी नाही, शब्द संस्कृतमधनं आलाय, कन्नड पेपरात रोज दिसतो म्हणून आपल्याकडं तो कन्नड वाटतो एवढंच. मराठीत सिंहावलोकन चालतं तर आत्मावलोकन का चालू नये? तरी मराठी वाचणाऱ्याच्या कानाला आत्मपरीक्षण जास्त सवयीचं आहे, तेव्हा रिपोर्टात तेच लिहा. फक्त ‘री’ दीर्घ काढा, परि अधिक ईक्षण म्हणजे सगळीकडनं बघणं, त्यामुळं ‘परिक्षण’ चुकीचं, बोर्डावर कितीही वेळा दिसलं तरी.

आत्मचिंतनाचं मात्र जरा जपून. ‘आत्म’चे दोन अर्थ आहेत, एक आपण स्वतः आणि दुसरा आत्मा. कीर्तनकार आत्मचिंतन म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक दुसरा अर्थ हवा असतो, आणि ट्रेनिंगच्या रिपोर्टात तुम्ही आत्मतत्त्वाचा विचार करणार नाही आहात. डीएडला मानसशास्त्रात अंतर्निरीक्षण वाचलं असेल, ते पण वेगळं, ती प्रयोगाची पद्धत, 1879 साली जर्मनीत लाइपझिगला वुंट ह्या मानसशास्त्रज्ञानं प्रयोगशाळा काढली तिथं माणसाला आपल्या मनात त्या क्षणी काय चाललंय ते सांगायला लावायचे. त्यात चूक-बरोबर ठरवायचं नसतं, आत्मपरीक्षणात ठरवायचं असतं.

आता तुमच्या त्या ‘माडिकोळ्ळि’कडं बघा, मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. नुसतं ‘माडि’ म्हणजे करा. ‘माडिकोळ्ळि’ म्हणजे आपलं आपण, आपल्यासाठी करा. कन्नडमध्ये ते क्रियापदातच येतं, आपल्या ‘करा’त येत नाही, आणि म्हणूनच का काय, मराठीत हा शब्द सर्रास दुसऱ्याच्या अंगावर टाकतात, निवडणूक झाली की ह्यांनी आत्मपरीक्षण करावं, त्यांनी आत्मपरीक्षण करावं, आणि सांगणारा स्वतः मोकळा. हे मला मनापासून खटकतं. दुसऱ्याचं होतं ते परीक्षण, आत्मपरीक्षण फक्त आपलं आपणच करू शकतो. ‘पराभवाचं आत्मपरीक्षण’ हेही तसलंच, पराभवाची कारणं शोधायची असतात, आत्मपरीक्षण पराभवाबद्दल करायचं. आणि ‘स्वतःचं आत्मपरीक्षण’ नको, ‘आत्म’ म्हटल्यावर स्वतः आलाच की.

आपल्या भागात ह्याला अजून एक फार सुंदर शब्द आहे, निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांत विचारा, प्रतिक्रमण. म्हणजे परत फिरणं. झालेल्या दिवसावर नजर टाकायची, कुठं चुकलं ते कबूल करायचं आणि तिथनं मागं यायचं. नुसतं बघून थांबायचं नाही, मागं यायचं, हे त्यात आहे ते मला आत्मपरीक्षणापेक्षाही पक्कं वाटतं. आणि सासूबाईंचं म्हणणं हलकं समजू नका हं, रामदासांनी 205 श्लोक मनालाच उद्देशून लिहिले, ‘मना तूंचि शोधूनि पाहे’ म्हणजे सासूबाई सांगतात तेच.

राहिलं पानात काय लिहायचं. ‘मी शिकवण्यात कमी पडते, अजून मेहनत घेईन’ असं लिहू नका, त्यातनं कुणालाच काही कळत नाही, तुम्हालाही नाही, ती नुसती आत्मनिंदा झाली. एक तास घ्या, एकच. समजा चौथीला भागाकार घेतला. बाकी उरली तिथं मागच्या बाकावरची पोरं गप्प झाली, घरी कन्नड बोलणारी दोघं तर वहीत बघतच बसली, आणि मी तेव्हा फळ्याकडं तोंड करून पुढचं गणित मांडत होते, ‘समजलं का’ म्हणून विचारलं ते पण फळ्याकडं बघूनच. असं लिहा. मग ‘बाकी’ला कन्नडमध्ये ‘शेष’ म्हणतात हे त्या दोघांना सांगितलं असतं तर, चिंचोके वाटून बघितले असते तर, हे त्याच्याखाली आपोआप सुचेल, आणि पुढच्या आठवड्यात ते करून काय झालं तेही चार ओळीत जोडा. वर मथळा ‘माझ्या शिकवण्याबद्दल आत्मपरीक्षण’ असा द्या. कन्नडमधनं तपासणारे कोणी असतील तर शेजारी आत्मावलोकन लिहिलं तरी काही बिघडत नाही.