‘शॉटगन!’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : ‘अमेरिकेहून आलेला भाचा गाडीकडे जाताना एकदम “शॉटगन!” असं ओरडला आणि खुशाल पुढच्या सीटवर जाऊन बसला. हा काय प्रकार? याला मराठीत काही शब्द आहे का? घरात कुणीतरी “दुनळी” सुचवलं, पण ते काही जमलं नाही.’

दुनळी मलाही जमत नाही, पण सुचवणाऱ्याचा नेम फार चुकलेला नाही. शॉटगन म्हणजे छऱ्यांची बंदूक, आणि ती बहुधा दुनळीच असे. अमेरिकेच्या पश्चिम भागात रेल्वे सगळीकडे पोचण्याआधी घोड्यांच्या डाकगाड्या चालत. १८५२ साली निघालेल्या वेल्स फार्गो कंपनीची सोन्या-रोकडीची हिरवी पेटी गाडीवानाच्या बैठकीखाली असायची, आणि पेटी मोलाची असली की गाडीवानाच्या शेजारी बंदूकवाला बसायचा. त्याला ‘शॉटगन मेसेंजर’ म्हणत. धक्के खाणाऱ्या गाडीतून रायफलीचा नेम धरणं कठीण, छर्रे मात्र फाकतात, म्हणून ही बंदूक. गंमत म्हणजे ‘शॉटगन बसणे’ हा वाक्प्रयोग छापलेला सापडतो तो १९०५ मधल्या एका कादंबरीत, म्हणजे डाकगाड्यांचा जमाना ओसरल्यावर. पुढे काउबॉयच्या सिनेमांनी तो घरोघरी नेला आणि मग पोरांनी तो मोटारीतल्या पुढच्या सीटवर हक्क सांगायला उचलला. बंदूक गेली, पेटी गेली, जागेला नाव तेवढं राहिलं.

भाच्याने नियम पाळले का, हेही विचारून घ्या, कारण हे नुसतं ओरडणं नव्हे. गाडी नजरेच्या टप्प्यात हवी. घरात पायात बूट चढवता चढवता ओरडलेलं धरत नाहीत. दुसऱ्या कुणी तरी ऐकलेलं हवं. परतीची सीट जातानाच मागून ठेवता येत नाही. वाद झाला तर चालवणाऱ्याचा शब्द अखेरचा, आणि त्याची बायको सोबत असेल तर खेळ तिथेच संपला. हे कुठल्या कायद्यात नाही. गावागणिक, मित्रांच्या टोळक्यागणिक पोटनियम वेगळे, आणि निम्मी मजा त्या भांडणातच असते. पुढे बसलेल्यावर जबाबदारीही येते : रस्ता बघायचा, गाणी लावायची, चालवणाऱ्याला डुलकी लागू द्यायची नाही. राखणदारी अगदीच संपलेली नाही म्हणायची.

आता मराठी. त्या जागेला आपल्याकडे नाव आहे, आणि तेही अगदी त्याच चालीचं. गॅरेजात जाऊन ‘डावीकडचा दरवाजा खडखडतो’ म्हणा, मिस्त्री आतल्या पोराला सांगेल, ‘क्लीनर साइड बघ रे.’ ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी क्लीनर बसतो, म्हणून ती बाजू क्लीनरची, मग गाडी घरची असली आणि तिथे आजोबा बसलेले असले तरी. त्यांनी जागा ओळखली बंदूकवाल्यावरून, आपण गाडी पुसणाऱ्यावरून. पण ‘क्लीनर!’ असं ओरडत मानाच्या जागेकडे धावणारं पोर अजून माझ्या पाहण्यात नाही, आणि तसं पोर पाहायला मिळेल असंही वाटत नाही.

म्हणजे जागेला नाव आहे, अडतं ते हक्क सांगण्यापाशी. इथे आपली रीत मुळात वेगळी. आपण ओरडत नाही, वस्तू ठेवतो. एसटी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल आत पडतो. रुमाल नसला तर टोपी, पिशवी, वर्तमानपत्र. रॉकेलच्या रांगेत माणसांऐवजी डबे उभे असत आणि त्यांचा नंबर कुणी मोडत नसे. म्हणून ‘रुमाल टाकणे’ हा प्रयोग बसमधून निघून थेट राजकारणात पोचला : ‘साहेबांनी त्या मतदारसंघावर केव्हाच रुमाल टाकलाय.’

कुणी म्हणेल, मग ‘शॉटगन’ला ‘रुमाल’च म्हणू. नको. रुमाल टाकणारा गर्दीत असतो, अनोळखी माणसांशी झगडत असतो, आणि तो तोंडातून चकार शब्द काढत नाही. खरं तर अमेरिकेतही रुमालाचा भाऊबंद आहे, पण तो वेगळ्या शब्दाखाली नांदतो. शिकागोत बर्फ पडल्यावर आपण फावड्याने मोकळी केलेली पार्किंगची जागा लोक जुनी खुर्ची ठेवून धरतात. त्याला म्हणतात ‘डिब्ज’. हा शब्द ‘डिबस्टोन्स’ या खड्यांच्या जुन्या खेळावरून आला असं बहुतेक कोशकार मानतात, म्हणजे जवळजवळ आपले सागरगोटेच. ब्रिटिश पोरं ‘बॅग्झी’ म्हणतात, फ्रेंच पोरं ‘पहिला’ या अर्थाच्या शब्दाचं शेपूट तोडून ‘प्रेम्स’ म्हणतात. हे ऐकून मराठी माणूस दचकला तर दोष फ्रेंचांचा नाही.

नुसत्या बोलण्याने जागा धरायची रीत मात्र आपल्याकडेही आहे, आणि तिच्यातच तुमचं उत्तर आहे. मुंबईच्या लोकलचा बायकांचा डबा. दादरला चढलेली बाई बसलेलीला विचारते, ‘कुठे उतरणार?’ ‘ठाणे.’ ‘कुणाला सांगितलीय का?’ ‘नाही.’ झालं, ठाण्यापासून ती जागा हिची. मध्ये दहाजणी चढल्या तरी बसलेलीच त्यांना सांगते, ‘नाही हो, यांना सांगितलीय.’ चिठ्ठी नाही, रुमाल नाही, साक्षीदार म्हणाल तर शेजारच्या दोघी. डब्याबाहेरच्या कानाला ‘सांगितलीय’ अपुरं वाटेल, काय सांगितलीय आणि कोणी? आतल्या बाईला त्यात कर्ता, कर्म, करार सगळं ऐकू येतं. हे ‘सांगणं’ अमेरिकन पोरांच्या शॉटगन ‘पुकारण्या’च्या फार जवळचं आहे. बोललं की झालं, आणि ऐकणाऱ्याने पाळलं तरच खरं.

तेव्हा माझं मत विचाराल तर बंदुकीचं भाषांतर करत बसू नका. गाडी दिसली की म्हणा, ‘पुढची सांगितली!’ तीन अक्षरं जास्त जातात, पण मोठ्याने ओरडायला ‘ली’ चांगली लांबवता येते. आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून हेच चालू आहे. मुलांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडली, म्हणजे शब्द रुजला.

एकच अडचण येते. कोणीही कितीही आधी ‘सांगितली’ असली तरी मागून बारीक आवाजात ‘मला गाडी लागते’ असं आलं की सगळे पोटनियम रद्द. फलाटावर ‘गाडी लागली’ की माणसं धावत आत शिरतात आणि घाटात ‘गाडी लागली’ की दार उघडून बाहेर येतात, एवढं या क्रियापदाचं कर्तृत्व. आमची धाकटी हल्ली सपाट रस्त्यावरही हे वाक्य वापरते. परवा गाडी अजून पार्किंगमध्येच होती.