अल्बानिया २०३० मध्ये युरोपीय संघात जाईल का? उघडलेली प्रकरणं मोजू नका

प्रश्न असा आहे: अल्बानियाने वाटाघाटींची सगळी ३३ प्रकरणं उघडली, मग २०३० चा प्रवेश पक्का समजायचा का? आणि २००५ पासून उमेदवार असलेला उत्तर मॅसेडोनिया मागे कसा पडला? हा प्रश्न निघाला की बरेच जण ‘हे सगळं ब्रसेल्सचं, म्हणजे संघाच्या मुख्यालयाचं, राजकारण’ म्हणून विषय मिटवतात. मला ते पटत नाही. मी २०१८-१९ मध्ये कामानिमित्त दीड वर्ष अल्बानियाच्या राजधानीत, तिरानात राहिलो आणि तेव्हापासून या विषयाचा पिच्छा सोडलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रकरणांचं बघू. प्रकरण म्हणजे संघाच्या कायद्यांतला एकेक विषय, आणि ही ३३ प्रकरणं सहा गटांत वाटलेली आहेत. पहिला गट १५ ऑक्टोबर २०२४ ला उघडला, शेवटचा १७ नोव्हेंबर २०२५ ला. तेरा महिन्यांत सहाही गट. वेग खरोखरच मोठा आहे, त्यात अल्बानियाच्या अधिकाऱ्यांची मेहनत आहे, ती नाकारू नये. पण प्रकरण उघडणं म्हणजे प्रश्नपत्रिका हातात पडणं. तुमचे कायदे आणि संघाचे कायदे शेजारी ठेवून फरक कुठे आहे ते तपासून झालं, आता कामाला लागा, एवढाच त्याचा अर्थ. खरी कसोटी प्रकरण बंद करताना लागते. न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्कांचं २३ वं प्रकरण, आणि गुन्हेगारी, सीमा, पोलीस वगैरेंचं २४ वं, या दोन्हींतले मधले टप्पे पार केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय आताच्या नियमाने बाकीचं एकही प्रकरण बंद होत नाही. मॉन्टेनेग्रोच्या वाटाघाटी जून २०१२ मध्ये सुरू झाल्या आणि तो दाखला मिळाला जून २०२४ मध्ये. सव्वासहा लाख वस्तीच्या देशाला बारा वर्षं लागली! दाखला मिळाल्यावर मात्र गाडी सुटली, २०२५ संपताना त्यांची एकूण बारा प्रकरणं बंद झाली होती, त्यातली तीन जुन्या नियमांमुळे दाखल्याआधीच. त्याच वेळी अल्बानियाचं एकही बंद झालेलं नव्हतं.

मग अल्बानियाकडे आहे काय? माझ्या मते एकच गोष्ट आहे, पण ती बाल्कनमध्ये दुसऱ्या कोणी या प्रमाणात केलेली नाही. जुलै २०१६ मध्ये संसदेतल्या १४० च्या १४० सदस्यांनी घटनादुरुस्तीच्या बाजूने मत दिलं आणि देशातल्या सगळ्या न्यायाधीशांची आणि सरकारी वकिलांची छाननी ठरली. सुमारे आठशे माणसं. प्रत्येकाला तीन गोष्टींवर तपासायचं: मालमत्ता, गुन्हेगारांशी संबंध आणि कामाची पात्रता. मालमत्तेच्या बाबतीत सिद्ध करण्याचं ओझं उलटं ठेवलं होतं. फ्लॅट कुठल्या पैशातून घेतला, हे न्यायाधीशाने स्वतः दाखवायचं. दाखवता आलं नाही तर घरी. वर परदेशी निरीक्षक बसवले, म्हणजे आपसात सांभाळून घेण्याची सोय राहिली नाही. छाननीचा पहिला टप्पा २०२४ च्या अखेरीस संपला, तेव्हा निम्म्याहून जास्त लोक एकतर काढले गेले होते किंवा चौकशीआधीच राजीनामा देऊन निघून गेले होते.

याची किंमत काय होती ते मी जवळून पाहिलंय. माझी घरमालकीण निवृत्त शिक्षिका होती. दुर्रेसच्या रस्त्यावर तिच्या वडिलांची जमीन होती, साम्यवादी राजवटीत गेलेली. १९९१ च्या कायद्याने तीच जमीन कसणाऱ्यांना वाटली गेली, त्यामुळे एकाच तुकड्याचे कागद दोन घरांत. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर दोन कुटुंबांनी हक्क सांगावा, तसं. खालच्या कोर्टात ती जिंकली, अपिलात हरली आणि दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे बसायला न्यायाधीशच नव्हते. छाननीत इतके जण गेले की कामकाज चालवण्यापुरती संख्या उरली नाही. घटनात्मक न्यायालयातही एक वेळ अशी आली की नऊपैकी एकच न्यायाधीश शिल्लक. सर्वोच्च न्यायालयात तुंबलेले दावे तीस हजारांवर गेले. बाईंची निळी फाइल स्वयंपाकघरातल्या कपाटात, डोंगरी चहाच्या जुड्यांशेजारी असायची. चहाला ते लोक ‘चाय’च म्हणतात, आणि त्या वाळलेल्या काड्या उकळत ठेवून बाई मला दाव्याची हकिगत सांगायच्या.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपली म्हण मी एकदा त्यांना मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये समजावून सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अपिलाच्या न्यायाधीशाला काढलाय, त्याला त्याच्या घरांचा हिशेब देता आला नाही. माझा दावा दहा वर्षं थांबला तरी चालेल, पण तो माणूस पुन्हा त्या खुर्चीवर नको. ते ऐकल्यापासून ‘सुधारणा’ हा शब्द मला अहवालातल्या शब्दासारखा वाचताच येत नाही.

त्याच सुधारणेतून पुढे भ्रष्टाचार आणि संघटित गुन्हेगारीसाठीची विशेष अभियोग यंत्रणा उभी राहिली, ‘स्पाक’. २०१९ च्या अखेरीस. तिथे काम करणाऱ्यांना स्वतःची आणि जवळच्या कुटुंबीयांची बँकखाती आणि फोन तपासू देण्याची संमती द्यावी लागते, नाहीतर नेमणूक नाही. या यंत्रणेने कोणाला हात घातला ते बघा. विरोधी पक्षाचे नेते आणि माजी पंतप्रधान साली बेरिशा, माजी राष्ट्राध्यक्ष इलीर मेता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिरानाचे महापौर एरिऑन वेलियाय, पंतप्रधान एदी रामांच्या अगदी जवळचे. त्यानंतर उपपंतप्रधान बेलिंडा बाल्लुकू यांच्यावर लोगाराच्या बोगद्याच्या निविदेवरून आरोप ठेवले गेले. या सगळ्यांनी आरोप नाकारले आहेत आणि निकाल कोर्टच देईल. पण सत्तेत असलेल्या पक्षाच्या माणसापर्यंत तपास पोचतो, ही बाब मी पन्नास नव्या कायद्यांपेक्षा मोठी मानतो. तो बोगदा व्हायच्या आधी लोगारा घाटातून मी बसने गेलोय, हजार मीटरवरून वळणं घेत खाली समुद्राकडे. बोगदा लोकांना हवाच होता. निविदा कशी दिली हे विचारण्याचा हक्कही त्यांना तितकाच आहे.

म्हणून माझं मोजमाप साधं आहे: ज्याच्या हातात ताकद आहे त्याचं सुधारणेमुळे काही गेलं का? गेलं असेल तर सुधारणा झाली. नसेल तर घोषणा झाली. सरकारी खरेदीसाठी ‘दिएल्ला’ नावाची संगणकी, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी, मंत्री नेमल्याची बातमी २०२५ मध्ये जगभर गाजली. मला विचाराल तर ती सुधारणा नव्हे, घोषणा.

आता उत्तर मॅसेडोनिया. इथे ‘राजकारण’ म्हणणाऱ्यांचं बरंचसं खरं आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ग्रीसच्या हरकतीपायी या लोकांनी देशाचं नाव बदललं. ग्रीसशी झालेला प्रेस्पा करार जून २०१८ चा, नवं नाव फेब्रुवारी २०१९ पासून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने वाट अडवली, २०२० मध्ये बल्गेरियाने नकाराधिकार वापरला, भाषेच्या आणि इतिहासाच्या वादावरून. २०२२ च्या तोडग्यात बल्गेरियन समाजाचा घटनेत उल्लेख करण्याची अट आली. त्याला १२० पैकी ८० मतं लागतात आणि २०२४ मध्ये निवडून आलेलं सरकार ते करायला तयार नाही. संघ दोन्ही देशांचा विचार एकत्रच करत होता, म्हणजे अल्बानियाची गाडी याच गाडीला जोडलेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती सुटी केली तेव्हा कुठे अल्बानिया हलला. न्यायव्यवस्थेतली उणीव तुम्ही स्वतः भरून काढू शकता, शेजाऱ्याच्या इतिहासाच्या पुस्तकाचं काय करणार? २७ पैकी एकानेही नाही म्हटलं की थांबायचं, हा नियम बदलल्याशिवाय हे पुन्हा होईल, अल्बानियाच्याही बाबतीत.

उमेदवार देशांच्या तयारीवर युरोपीय आयोगाचा, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाचा, वार्षिक अहवाल दर शरद ऋतूत येतो. तो वाचताना एक गोष्ट सांभाळा. प्रत्येक प्रकरणात दोन वेगळे शेरे असतात. एक, तयारी आज कुठे आहे: ‘काही प्रमाणात’, ‘मध्यम’, ‘चांगली’ वगैरे. दुसरा, गेल्या वर्षभरात किती हालचाल झाली. पुढारी पत्रकार परिषदेत दुसरा वाचून दाखवतात. ‘चांगली प्रगती’ ऐकून आपण खूश होतो, आणि त्याच परिच्छेदात तयारी ‘काही प्रमाणात’ एवढीच असते. आधी पहिला शेरा वाचा, मग मागच्या तीन वर्षांचे अहवाल काढून तोच शेरा ताडून बघा.

तेव्हा २०३०? अल्बानिया सरकारचं म्हणणं २०२७ मध्ये वाटाघाटी संपवू आणि २०३० ला आत जाऊ. मला २०२७ अवघड दिसतं. शेतीच्या निधीत गैरव्यवहाराच्या तपासामुळे संघाने २०२३ मध्ये पैसे रोखले होते, ही जखम ताजी आहे. आणि सगळ्यात मोठी चिंता वेगळीच: २०११ च्या जनगणनेत २८ लाख असलेली लोकसंख्या २०२३ मध्ये २४ लाखांवर आली. तरुण मुलं देश संघात जाण्याची वाट बघत बसत नाहीत, ती स्वतःच जातात. माझ्या घरमालकिणीची मुलगीही मिलानला आहे. तरीही ‘काही होणार नाही’ म्हणणाऱ्यांना सांगतो, एक संपूर्ण न्यायव्यवस्था उलटीपालटी करून दाखवलेला देश आहे हा.

गेल्या दिवाळीत मी बाईंना फोन केला होता. सर्वोच्च न्यायालयाने दावा घेतला, आणि अपिलात पुन्हा चालवा म्हणून परत पाठवला. २०२३ पासून पूर्वीच्या सहा अपील न्यायालयांचं मिळून तिरानात एकच केलंय, त्यामुळे रांग लांब आहे. निळी फाइल फाटली, नवी हिरवी घेतली म्हणाल्या. तारीख अजून लागलेली नाही.