पाम तेलातल्या व्हिटॅमिन ई कॅप्सूलचा कर्करोगात उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा : आईला स्तनाचा कर्करोग आहे, केमो चालू आहे. भावाने पाम तेलापासून काढलेल्या टोकोट्रायनॉलची (व्हिटॅमिन ई-चाच एक प्रकार) बाटली मुंबईहून पाठवलीय. शेजारचे म्हणतात, त्यापेक्षा घाण्याचं खोबरेल चमचाभर प्यायला द्या, त्यातही व्हिटॅमिन ई असतं. काय द्यावं?

माझं मालवणात मेडिकल आहे. मी फार्मसी शिकलेला, डॉक्टर नव्हे.

खोबरेलाचं आधी उरकतो. माडाच्या सावलीत बसून हे लिहिणं बरं नव्हे, पण खोबरेलात व्हिटॅमिन ई नावापुरतंच : १०० ग्रॅमला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास. सूर्यफूल तेलात ४० मिलिग्रॅमच्या घरात असतं.

आता बाटली. गोंधळ नावातच आहे. व्हिटॅमिन ई हा एक पदार्थ नाही, आठ भावंडं आहेत : चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायनॉल. पोरी चेहऱ्याला लावायला माझ्याकडून नेतात त्या हिरव्या कॅप्सूलमध्ये अल्फा टोकोफेरॉल असतं. टोकोट्रायनॉल मिळतात पाम तेलात, राइस ब्रॅन तेलात आणि शेंदरीच्या बियांत. त्यांच्या रेणूच्या शेपटीत तीन दुहेरी बंध असतात, त्यामुळे पेशीच्या आवरणात ते लवकर शिरतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी त्यांनी मरतात, वाढीचे काही संदेशमार्ग बंद पडतात. हे खरं आहे, अनेक प्रयोगशाळांत दिसलंय. बाटलीबरोबरच्या कागदावर बहुधा हेच छापलेलं असेल.

अडचण बशीतून माणसात येताना होते. आपल्या यकृतात एक प्रथिन आहे, ते फक्त अल्फा टोकोफेरॉल निवडून रक्तात परत सोडतं. लिलावात एखादी बाई सुरमई तेवढी उचलते आणि बाकीची टोपली पुढे ढकलते, तसंच. टोकोट्रायनॉल काही तासांत रक्तातून उतरतं. बशीत जेवढं टिकवून धरतात, तेवढं शरीरात टिकत नाही.

तुमच्या आईंच्या आजाराशी जुळणारी एक चाचणी मलेशियात झाली, निकाल २०१० साली आला. स्तनाच्या कर्करोगाच्या २४० बायकांत टॅमॉक्सिफेनबरोबर (या कर्करोगावरची नेहमीची हार्मोन-विरोधी गोळी) काहींना पाम तेलातलं टोकोट्रायनॉल दिलं, पाच वर्षं. फायदा सिद्ध करण्याइतका फरक निघाला नाही. चाचणी लहान होती हे मान्य. पण त्या जोरावर कोणी 'सिद्ध झालंय' म्हणत असेल तर थापा आहेत.

आणि 'फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय?' हे काउंटरवर रोज ऐकतो. 'ह्या घेतलां तर बरां वाटात मां?' म्हणत एक आजोबा अल्फावाल्या कॅप्सूलची दोन पाकिटं मागत होते, प्रोस्टेटच्या भीतीने. त्यांना मी अमेरिकेतली सिलेक्ट चाचणी सांगितली : ३५ हजारांवर पुरुष, रोज ४०० युनिट अल्फा टोकोफेरॉल. २०११ च्या निकालात ते घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त निघाला. आजोबा पाकिटं ठेवून खोकल्याचं औषध घेऊन गेले.

केमो चालू असताना मोठ्या डोसची अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं (व्हिटॅमिन ई त्यातलंच), बरेच कर्करोगतज्ज्ञ बंदच ठेवायला सांगतात, कारण काही औषधं ऑक्सिडेशनच्या माऱ्यानेच पेशी मारतात. शिवाय व्हिटॅमिन ई-च्या मोठ्या डोसने रक्त पातळ होऊ शकतं. आई वॉरफेरिन किंवा अ‍ॅस्पिरिन घेत असतील, किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर हे जास्तच जपायचं. जेवणातल्या शेंगदाण्याला, बदामाला हे लागू नाही, ते खाऊ दे.

लेबलाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मिलिग्रॅम वाचता येतील असा, आणि पुढच्या केमोला जाताना डॉक्टरांना दाखवा. तोवर बाटली उघडू नका. बिल जपून ठेवलंत तर दुकानदार परत घेईल, मी तरी घेतो.