आंब्याच्या खोडावरचे दगडफूल काय सांगते?

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरच्या हमरस्त्यालगत असलेल्या आंब्याच्या खोडावर राखाडी-पांढरे चट्टे दिसतात. ते दगडफुलाच्या जातकुळीतले असून त्यांवरून वाहनांच्या धुरातले जड धातू मोजता येतात, असे मुलीला महाविद्यालयात सांगितले. दगडफूल शुद्ध हवेतच वाढते, असे आम्ही ऐकत आलो. मग खरे काय? आणि गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या जातींना लागू पडतात. दगडफूल हे शैवाक (लायकेन) या गटातले. १८६६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतील शैवाकांचा हवेच्या शुद्धतेशी संबंध दाखवला आणि पुढे ‘शैवाक दिसले म्हणजे हवा चांगली’ हे अर्धवट समीकरण रूढ झाले. सल्फर डायऑक्साइडने नाजूक जाती नष्ट होतात हे खरे; पण पिक्सिन कोकोजसारख्या चिवट जाती आपल्या शहरांत भर रहदारीतही आंब्याच्या सालीवर तग धरतात, आणि धातू मोजायला नेमक्या त्याच उपयोगी पडतात.

शैवाकाला मुळे नसतात, पानावर असते तसे मेणचट आवरणही नसते. पाऊस, दव आणि धूळ यांतून जे मिळेल ते हे बुरशी-शैवालाचे जोडपे सर्वांगाने शोषून घेते, आणि त्यासोबत आलेले धातू बुरशीच्या तंतूंना चिकटून किंवा त्यांच्या जाळ्यात कणरूपाने अडकून राहतात.

‘धुरातले’ या शब्दाला मात्र दुरुस्ती हवी. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० मध्ये बंद झाले. तरी जुने शिसे रस्त्याकडेच्या मातीत असते आणि धुळीबरोबर पुन्हा उडते. आज रहदारीतून येणारे बरेचसे धातू झिजेतून येतात : टायरमधून जस्त, ब्रेकच्या अस्तरांतून तांबे आणि अँटिमनी. म्हणूनच जिथे वाहने वारंवार ब्रेक लावतात, त्या सिग्नलजवळचे नमुने मुद्दाम तपासावेत. विजेवरची वाहने आली म्हणून ही झीज थांबणार नाही.

नमुने घेण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. पिक्सिन सालीला इतके घट्ट चिकटलेले असते की खरवडताना सालीचे कण सोबत येतात आणि आकडे बिघडतात. ते चिमट्याने वेचून काढावे लागतात. मग नमुना वाळवून, दळून, नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि दर ग्रॅम कोरड्या वजनामागे किती मायक्रोग्रॅम धातू आहे ते उपकरणाने मोजतात. जिथे शैवाक उगवतच नाही, तिथे स्वच्छ रानातले आणून नायलॉनच्या जाळीत काही महिने टांगतात आणि त्याच रानातला राखून ठेवलेला नमुना तुलनेला घेतात. दर घनमीटर हवेत किती शिसे आहे, हे यातून कळत नाही. कोणत्या चौकात अधिक साठले, एवढे कळते. माझ्या मते मुलीच्या प्रकल्पाला तेवढे पुरेसे आहे, फक्त सर्व नमुने एकाच जातीचे आणि खोडावर सारख्या उंचीवरचे असावेत.

मसाल्यातले दगडफूल हे निराळ्या, रुंद पाळीच्या जातींचे असते आणि ते डोंगराळ रानांतून गोळा होते. शोषून साठवण्याचा गुण मात्र त्यातही आहे, तेव्हा रस्त्याकडेच्या झाडावरचे खरवडून कोणी फोडणीत टाकू नये.