इंग्रजी स्पेलिंगला घाबरू नका

ताई, घणसोलीहून रोज ठाण्याला येता ना? मग स्टेशनवरची इंग्रजी पाटीच बघा: टी, एच, ए, एन, ई. आपण ‘ठाणे’ वाचतो. लंडनचा माणूस ‘थेन’ वाचेल. त्याच्या लेखी शेवटचा ई बहुधा मुका असतो आणि आधीच्या स्वराचा उच्चार बदलतो. ‘कॅन’ला ई लावला की ‘केन’, ‘हॉप’ला लावला की ‘होप’. सध्या एवढा एकच नियम पक्का करा, ढीगभर शब्द आपोआप सुटतील. अपवाद भेटतीलच, उदाहरणार्थ ‘हॅव’. ते तसेच पाठ करा.

मुक्या अक्षरांवर चिडू नका. ‘नाइफ’मधला के पूर्वी खरंच उच्चारत. इंग्लंडात १४७६ च्या सुमारास छपाई आली, स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं, उच्चार मात्र बदलत राहिले.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- अक्षर जोडून वाचणं. ‘वेडनेसडे’ नव्हे, ‘वेन्झडे’.
- आधी स्पेलिंग, मग उच्चार. उलटं करा: शब्द ऐका, मोठ्यानं म्हणा, मग लिहा.

व्ही-डब्ल्यूचा फरक, शब्दातला आघात (म्हणजे कुठल्या भागावर जोर द्यायचा) वगैरे आत्ता नको. महिनाभर रोज पाच शब्द करा. तुम्हाला नक्की जमेल.